थांबत थांबत पवनी

वरठीहून पवनीला लोक सकाळी जातात आणि काम उरकून दुपारच्या चहाला घरी परततात. त्यात लिहिण्यासारखं काही नाही, हे मलाही कळतं. पण माझ्या नातीला, समीला, गाडी लागते. ऑटो गावाबाहेर पडला की तिचं तोंड पांढरं होतं आणि पुढच्या वळणावर उलटी. अशा पोरीला घेऊन पवनी गाठणं काय असतं, ते मांडीवर पिशवी उघडून धरत ज्यांनी प्रवास केलाय त्यांना ठाऊक आहे. हे त्यांच्यासाठी.

समी सातवीत आहे. शाळेच्या कबड्डी संघात तिच्याइतकी चपळ दुसरी पोरगी नाही, पण सामने नेमके बाहेरगावी. मागच्या वेळी लाखनीला जाताना तिच्या आईने तिला उलटीची गोळी दिली. उलटी झाली नाही. झालं ते त्याहून वाईट. पोरगी डोळे चोळत मैदानावर उतरली, चढाईला गेली, आणि ‘कबड्डी कबड्डी’ म्हणता म्हणता कोरडी जीभ टाळूला चिकटली. दम तुटला. वर समोरच्या संघाच्या मधोमध उभी राहून तिने एक लांबलचक जांभई दिली. त्या पोरी तिला धरायचं विसरून हसत सुटल्या.

सरांनी स्पष्टच सांगितलं, “आजी, गोळी घेते त झोपते, नाही घेत त वकते (ओकते). पवनीले मी तिले राखीव बी नाही ठेवू शकत.”

समी त्या दिवशी जेवली नाही. बूट धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले. तेव्हा मी सरांकडे गेले. म्हटलं, “तुमची जीप तुम्ही न्या. हिले मी माझ्या पद्धतीने आणते.” सर म्हणाले, “संघाची नावं द्यायच्या आत मैदानावर जागी उभी दिसली, त खेळवतो. नाही त दुसरी पोरगी तयार हाय.”

माझी पद्धत अशी काही नव्हतीच. म्हणून आम्ही सासू-सुना पोरीला घेऊन भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, “गोळी मोठ्यांची होती का, तोडून दिलेली?” सून छताकडे पाहू लागली. बाई म्हणाल्या, या गोळ्यांनी पुष्कळांना झोप येते, तोंड कोरडं पडतं. लहान मुलांना अंदाजाने तर कधीच देऊ नये. खेळाच्या दिवशी गोळी नकोच. पोट रिकामं नको आणि भरलेलंही नको. कोरडं, थोडं थोडं खायचं, तेलकट नाही. पुढची सीट, उघडी खिडकी, नजर लांब, हातात मोबाईल नाही. आणि मळमळलं की उतरायचं, चालायचं, बरं वाटलं की पुढे जायचं.

उतरायचं! हे इतकं सोपं असेल असं मला साठ वर्षांत सुचलं नव्हतं. मी अड्याळची पोरगी. लग्न होऊन एसटीने वरठीला आले ती पदरात तोंड खुपसून. सगळे म्हणाले, किती लाजरी नवरी. घरी पोहोचल्यावर अंगणातच ओकले. पुढच्या आठवड्यात माहेरी जाऊन आले, पुन्हा ओकले. सासूबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारणींकडून चिंच मागवली. गाडी लागते हे सांगायची मला लाज, म्हणून मी मान खाली घालून ती चिंच खाल्ली. चिंच चांगली होती. सासूबाई पुढे बरेच महिने बोटं मोजत बसल्या.

मग माझ्या पोरालाही तेच झालं. कुणीतरी सांगितलं, पोटाला वर्तमानपत्र बांधा. मी शहाणीने ते ओलं करून चिकटवलं. उलटी काही थांबली नाही, पण पोराच्या पोटावर अर्धी बातमी उलटी छापून निघाली. असल्या डॉक्टरकीचा अनुभव घेऊन मी समीला निघाले होते न्यायला.

डिसेंबरची थंडी. उजाडायच्या आत बाहेर पडलो. दारात सुनेने दही-साखर पुढे केली. गावाला जाणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायची हा आमच्याकडचा नेम. रिकाम्या हाताने पाठवलं तर काम होत नाही म्हणतात. समीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “आण, तिच्या वाटची मी खाते. काम तिचं, दही माझं.”

वरठीचा रस्ता त्या वेळी कारखान्यात जाणाऱ्यांचा असतो. कानटोपी, मफलर, हँडलला डबा, सायकलींच्या मागे मोटारसायकली. समी ऑटोवाल्याशेजारी पुढे बसली, मी मागे. थोडं गेल्यावर तिने मान वळवली, आणि मी लगेच म्हटलं, “थांबव रे बाबू.”

“काहून उतरता, आजी? भंडारा दूर हाय अजून.”

“हवा खातो जराशी.”

“थंडीची?”

“तुह्या ऑटोत भेटत नाही ना तशी.”

उतरून चालू लागलो. धान कापून झालं होतं. बांध्यांत (धानाच्या शेताच्या तुकड्यांत) पुंजणे उभे होते, म्हणजे कापलेल्या धानाच्या रचलेल्या गंज्या. मधल्या ओलीत लाखोळीचं हिरवं पातळ पीक, आणि एका बोडीवर (लहान तळ्यावर) धुक्यात बगळे. समीने भाजलेले फुटाणे चघळले. तिच्या तोंडावर रंग आला. ती म्हणाली, “आजी, इथं तळं हाय?” या रस्त्याने ती जन्मापासून जात होती. पण तिने आजवर पाहिली होती ती फक्त पिशवी.

पुढच्या ऑटोने भंडारा, आणि तिथून नदीपर्यंत अजून एक ऑटो. कारध्याचा पूल मात्र आम्ही पायीच ओलांडला. खाली वैनगंगा, काठोकाठ आणि संथ, जलपर्णीचे हिरवे तुकडे अंगावर घेऊन. ऊन नुकतंच पाण्यावर आलं होतं. पुलाच्या मध्यावर एक मोटारसायकलवाला थांबला.

“मावशी, कुठं जाता? सोडून देतो ना.”

“पवनीले.”

त्याने आमच्या पायांकडे पाहिलं, समोरच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि गाडी चालू करून निघून गेला. समी इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. हसताना मळमळ होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. हा माझा शोध.

कारध्याहून एसटी मिळाली. कंडक्टरला म्हटलं, “ड्रायव्हरच्या मागची जागा द्या, पोरीले गाडी लागते.” एवढं वाक्य मोठ्याने, भर बसमध्ये, मी आयुष्यात प्रथमच बोलले. कुणी हसलं नाही. एक बाई उठली आणि मागे जाऊन बसली, एवढंच. समी खिडकीशी. नजर लांब ठेवायची म्हणून आम्ही लांबचं ओळखायचा खेळ मांडला: ते देऊळ की पाण्याची टाकी, ती म्हैस की झुडूप. मी झुडूप म्हणून सांगितलेला एक प्राणी उठून चालू लागला तेव्हा पोरगी जिंकली.

पहेला गावाशी तिचे ओठ पांढरे पडले. उतरलो. बस निघून गेली आणि पुढची कधी येईल ते कुणालाच सांगता येईना. चहाच्या टपरीवरची बाई कढईतून आलूबोंडे काढत होती.

“पोरगी सुकली ना वो. घे बाई, गरम खा.”

“तिले नको, पोट बिघडलं हाय.”

“मंग त खाल्लंच पाहिजे. खाली पोटानं (रिकाम्या पोटाने) अजून बिघडते.”

आमच्या भागात पाहुण्याला नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं की ताटात दुप्पट येतं. समीला आजवर गाडीने जेवढं छळलं त्याहून अधिक या मायेने छळलंय, हे मला तिथे उमगलं. निघताना घरचे खाऊ घालणार, वाटेत पाहुणे खाऊ घालणार, आणि मग सगळे मिळून विचारणार, पोरगी वकते काहून. बाईचं मन मोडू नये म्हणून तिने पुढे केलेले दोन आलूबोंडे मी खाल्ले. समी झाडाखाली येरझाऱ्या घालत लांब पाहत राहिली.

सुदैवाने बस लवकर आली. अड्याळला माझ्या भावाचं घर रस्त्यालाच. तिथे उतरायचं ठरलंच होतं, आणि भावजयीला खबर आधीच लागली होती. पाटावर ताट तयार: वडे, भाजी, वर खीर.

“बस बाई समी. आजीच्या माहेरी येऊन उपाशी जाशीन का?”

“तिचा उपास हाय,” मी म्हणाले.

“आज कायचा उपास?”

“कबड्डीचा.”

“असा कुठं उपास असते, बाई? तुम्ही मले भोळी समजता.”

“सर करायले लावतात वहिनी, कडक हाय तो माणूस. सामना होईपर्यंत नुस्ते फुटाणे. पण माहा उपास नाही.”

आणि मी समीचं ताट ओढून घेतलं. वडे खाल्ले, खीर प्यायले, भावजयीने वाढलेलं पुन्हा खाल्लं. समी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. मी तिच्या वाटचं लढत होते.

याचा निकाल अड्याळच्या पुढे लागला. बसने दोन वळणं घेतली आणि खीर, वडे, आलूबोंडे, दही-साखर सगळे एकदम उठून उभे राहिले. कपाळाला घाम. मी सवयीने पदर तोंडाशी नेला, तोच माझा हात समीने खाली ओढला.

“आजी, खाली नको पाहू. दूर पाहा. ते काय हाय, सांग.”

“मले काही दिसत नाही, बाई.”

“दिसते. देऊळ हाय का टाकी?”

“टाकी.”

“मंग तिच्यावरून नजर नको काढू. मोठा श्वास घे.” मग कंडक्टरकडे वळून, “काका, खिडकी उघडून द्या ना, आजीले गाडी लागून राहिली.”

तिने मला पवनीपर्यंत तशीच नेली, एक टाकी संपली की पुढचं झाड दाखवत. तिला स्वतःला काय होतंय हे बघायला तिला सवडच मिळाली नाही.

पवनीचा जुना परकोट दिसला तेव्हा मी मनातल्या मनात त्या भिंतीला हात जोडले. मैदानावर पोहोचलो तर सर कागद घेऊन उभेच होते. त्यांनी समीचे डोळे पाहिले, मग माझे.

“आजी, गोळी तुम्ही घेतली का?”

“मी वडे घेतले. तुम्ही नाव लिहा.”

लिहिलं.

सामन्याचं मला फार कळत नाही, पण इतकं कळलं की शेवटी आपल्या पोरी एका गुणाने मागे होत्या आणि चढाई समीची होती. ती मध्यरेषा ओलांडून गेली. तोंडात ‘कबड्डी कबड्डी’ पाण्यासारखं वाहत होतं, कुठे अडखळ नाही. डावीकडच्या पोरीला हुल दिली. उजवीकडचीने पाय धरायला झेप घेतली, तिला शिवून घेतलं. तिसरी आडवी आली, तिच्या खांद्याला हात लावून ही मागे फिरली आणि पडता पडता रेषेवर बोटं टेकवली. दम तुटला नव्हता. शिट्टी झाल्यावरही ती ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतच होती. मैत्रिणींनी तिचं तोंड दाबून थांबवलं.

मी टाळ्या वाजवायला उठले आणि पुन्हा बसले. खीर अजून खाली गेली नव्हती.

जिंकल्यावर पोरींना जिलबी होती. समीला विचारलं, परतीला जीप की आपल्या पद्धतीने? ती म्हणाली, “सगळ्यांसंग जाईन.” आणि तिने जिलब्या खाल्ल्या, भजी खाल्ली, दिवसभराचे फुटाणे वसूल केले. मी अडवलं नाही. अड्याळच्या अलीकडे सरांनी जीप थांबवली आणि समीने रस्त्याच्या कडेला सगळं मोकळं केलं. मग तोंड धुऊन सरळ उभी राहिली. ज्या पोरी एरवी नाक दाबतात, त्यांतली एक हळूच उतरली, तिच्या मागून दुसरी.

“मले बी होते, सर. मी सांगत नव्हती.”

“मले बी.”

सर डोकं खाजवत उभे राहिले. “सांगा ना मंग, बाई! पुढच्या वेळी लवकर निघू. थांबत थांबत जाऊ.” निम्मा संघ संध्याकाळच्या उन्हात रस्त्याने चालू लागला आणि जीप मागून बैलगाडीच्या चालीने आली.

मी पुढच्या सीटवर, खिडकी उघडी ठेवून बसले होते. वाटलं, आपण आयुष्यभर लवकर पोहोचायला निघालो आणि पदराआड काहीही पाहिलं नाही. ही पोरगी उशिरा पोहोचली, पण नदी, बगळे, परकोट, सगळं पाहून पोहोचली, आणि जिंकून आली.

वरठीला सून दारातच उभी होती. बुटांवरची पवनीची माती पाहिली तरी तिने आधी तेच विचारलं, “समे, वकली का गं?”

“हो,” समी म्हणाली. “पण जिंकल्यावर.”