निशाचर झोपलाय

कात्रपच्या आमच्या बालवाडीत शिकवणारा मी एकटाच पुरुष. मुलं मला 'टीचर' म्हणायची. त्यांच्या आया आधी हसायच्या, मग त्याही तसंच म्हणायच्या. त्या वर्षी उल्हासनगरच्या एका दुकानातून मी रात्रीच्या प्राण्यांचं चित्रपुस्तक आणलं. घुबड, वटवाघूळ, साळिंदर. घुबडाचं पान उघडलं की दोन पोरी डोळे झाकायच्या. घुबड म्हणजे अपशकुन, असं घरी ऐकलेलं.

"घाबरायचं काय त्यात?" मी म्हणालो. "ते निशाचर. रात्री काम करतात, दिवसा झोपतात. आणि झोपलेल्या निशाचराला कुणीही उठवायचं नाही!"

शेवटचं वाक्य पुस्तकात नव्हतं. ते माझं. मला तेव्हा पुस्तकापेक्षा जास्त येतं असं वाटायचं.

सतरंजीवर पुढे बसणारी एक मुलगी उठली. "टीचर, माझे पप्पापण निशाचर." ते अंबरनाथला केमिकल कंपनीत कायम रात्रपाळीला. वर्ग हसला, मी सगळ्यांत जास्त. फळ्यावर घुबडाशेजारी डबा घेतलेला माणूस काढून टाळ्याही मिळवल्या.

पुढच्याच आठवड्यात कंपनीत गॅस सुटला. पप्पा सकाळी खोकत घरी आले, "काय नाय, घशाला लागलंय जरा," म्हणून आडवे झाले. आई जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला गेलेली. पाळीतला जोडीदार विचारपूस करायला आला, तर मुलगी दारात हात पसरून उभी.

"श्शू! निशाचर झोपलाय. टीचरनी सांगितलंय, उठवायचं नाही."

"बरं बाई, झोपू दे," म्हणत तो हसून गेला. शेजारीणही तशीच परत गेली. दुपारी आई आली तेव्हा पप्पांचे ओठ निळे पडले होते.

वाचले. म्हणजे दवाखान्यातून घरी आले; छाती काही पहिल्यासारखी आली नाही. कंपनीने परत घेतलं नाही.

आई शाळेत आली तेव्हा मी माफीचं लांबलचक भाषण जुळवून ठेवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "टीचर, तिला सांगा ना, पप्पांना उठवायचं असतं म्हणून. माझं ऐकत नाही. म्हणते, टीचर बोललेत."

मी मुलीला जवळ बसवलं, पुस्तक उघडलं. "बाळा, पप्पांना हाक मारायची. केव्हाही. टीचर चुकले."

तिने घुबडावर बोट ठेवलं. "पण आता पप्पा झोपतच नाहीत. रात्रीपण नाही, दिवसापण नाही. नुसते बसून खोकतात." मग पानं उलटायला लागली. "ते कुठल्या पानावर?"

मी तिच्यासोबत शेवटपर्यंत उलटत गेलो. मागच्या कव्हरवर दुकानाचा शिक्का होता, तोही तिने नीट पाहिला.