लाईट गेल्यावर येणारा सूर

नांदेडात उन्हाळ्यात दुपारी लाईट गेली की लोक वीज मंडळाच्या नावानं बोटं मोडतात. महालिंग सर मात्र खूश होत. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला, कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर बंद पडली की ते पेटीतून व्हायोलिन काढत आणि म्हणत, "आता कान मोकळे झाले बघ." मग बेचाळीस डिग्रीत, खिडक्या लावून, घामानं निथळत आम्ही वाजवत बसायचो. मी शाळेत मास्तर, शाळा सकाळची, त्यामुळे दुपारच्या भारनियमनाला मी हक्काचा माणूस होतो.

सर मूळचे उदगीरचे, आडत व्यापाऱ्याच्या लिंगायत घरातले. नांदेडच्या कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलं. तरुणपणी हैदराबादला शिकत असताना एका म्हाताऱ्या पाद्र्यानं त्यांना बरोक संगीताची गोडी लावली. तीनेकशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं हे संगीत चार-दोन माणसांनी बैठकीत वाजवायचं, आणि तेही त्या काळच्या वाद्यांवर. पाद्री मायदेशी जाताना दोन व्हायोलिनं आणि एक चेलो, म्हणजे खर्जात बोलणारं मोठं व्हायोलिन, सरांकडे ठेवून गेला. व्हायोलिनला हनुवटीखालची पट्टी नाही, गज कमानीसारखा वाकलेला. चेलोला खालचा खुंटा नाही, तो पोटऱ्यांत धरावा लागे. चेलो सरांच्या बायकोनं उचलला. त्यांना सगळे अक्का म्हणत. दुसरं व्हायोलिन कित्येक वर्षांनी माझ्या गळ्यात पडलं.

या वाद्यांना तारा नसतात, तात असते. तात म्हणजे बकऱ्याचं आतडं पिळून केलेली दोरी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि घरात अंडंसुद्धा चालत नाही, अशा माणसानं ही तात कंधारच्या एका पिंजाऱ्याकडून आणायची, जो तिच्यावर कापूस पिंजत असे. मी एकदा चिडवलं, "सर, हे चालतं का तुमच्यात?" सर म्हणाले, "खात न्हाई बाबा, वाजवतो. कुणाच्या पोटात गेलं असतं तर गप झालं असतं. इथं बोलून राहिलंय बिचारं." त्यानंतर कित्येक दिवस ती तात दाबताना माझ्या बोटांना कसंतरीच व्हायचं.

मागल्या वर्षी अक्का गेल्या. सकाळी ज्वारी निवडताना छातीत कळ आली आणि संपलं. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. उदगीरच्या शेतात मी ते पहिल्यांदा पाहिलं. खड्ड्यात अक्कांना मांडी घालून बसवलं होतं, अंगावर विभूती, बेलाची पानं. सर काठावर उभे होते. डोळ्यांत पाणी नव्हतं. खाली उतरलेल्या पुतण्याला ते म्हणाले, "खांदा जरा सैल कर रे तिचा. असं आखडून बसत न्हाई ती." पुतण्यानं खांदा नीट केला.

पंधरा दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. आम्ही तिघं वाजवायचो तीच चीज पुढ्यात होती, चेलोचं पान सोडून. मी म्हटलं, "खालचा सूर कोण धरणार?" सर म्हणाले, "तीच." मग त्यांनी फिजिक्सच्या मास्तरासारखं समजावलं. दोन व्हायोलिनांचे दोन वेगळे सूर एकमेकांशी अगदी चोख लागले, केसाचाही फरक राहिला नाही, की खाली तिसरा सूर आपोआप ऐकू येतो. तो कुणी वाजवत नाही. नेमका चेलोच्या पट्टीत येतो.

"दिगू, आली बघ," वाजवता वाजवता ते पुटपुटत. मला काही ऐकू येत नसे. एकदा मी मोबाईलवर रेकॉर्ड करून त्यांना ऐकवलं. त्यात दोनच व्हायोलिनं होती. सर हसले. "त्यात कसा येईल? तो हवेत नसतोच. ऐकणाऱ्याच्या कानात तयार होतो." मी म्हटलं, "म्हणजे भास?" ते म्हणाले, "हाव, भास म्हण. माझ्याच कानात येती ना? मग झालं."

पण तोच कान दगा देऊ लागला. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस सुकत चालली आहे, इलाज नाही. सर हनुवटी लाकडाला टेकवून हाडाला जाणवणाऱ्या कंपावर आपला सूर लावत, तो अजूनही चोख लागे. तिसरा सूर मात्र कायमचा बंद झाला. मला त्यांची फार दया आली. एके दिवशी वाजवताना त्यांनी विचारलं, "मला न्हाई येत. तुला आली का?" त्या चेहऱ्याकडे बघून नाही म्हणणं मला जमलं नाही. मी मान हलवली. मग रोज तोच प्रश्न आणि रोज माझी मान.

मे महिन्यातली दुपार. लाईट गेली, गल्ली चिडीचूप झाली. आम्ही दोन लांब सूर धरले आणि माझ्या कानामागून कुणीतरी हुंकार दिला. खोल, खरखरीत, रिकाम्या रांजणातून यावा तसा. मी मान वळवली, तर तोही वळला. गज माझ्या हातात थिजला.

"का थांबलास?" सरांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "सर, आली!"

"रोजच तर येती म्हणतोस."

"रोज खोटं बोलत होतो, सर. आज आली."

सर म्हणाले, "ठाऊक हाय. खोटं बोलताना तू कधी थांबला न्हाईस. म्हणून तर खरी येईस्तोवर रोज बसवून राहिलो तुला." मग गुडघ्यावर हात ठेवून पुढे वाकले आणि गावाहून आलेल्या माणसाला घरच्यांची खुशाली विचारावी तसं हळूच विचारलं, "कशी हाय?"

"बरी हाय, सर," मी म्हटलं. या वेळी ते खोटं होतं की खरं, मला आजही कळलेलं नाही. सरांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

त्याच महिन्याच्या अखेरीस सर गेले. त्यांना अक्कांशेजारीच बसवलं. दोन्ही व्हायोलिनं आता माझ्याकडे आहेत. जोडीला कुणीतरी शोधा, असं घरचे म्हणतात. एक तरुण मास्तर तयारही आहे, हात चांगला आहे त्याचा. मी त्याला टाळतो, कारण मला भीती वाटते. समजा दोघांचे सूर चोख लागले आणि ती आलीच, तर सांगायचं कुणाला?