दुपारची नारंगी बत्ती

घाटंजीच्या त्या गच्चीवर मी तिसऱ्यांदा चढलो तेव्हा मला कशाचाच उत्साह उरला नव्हता. मोबाइल टॉवरच्या देखभालीत माझी वीस वर्षं गेली. यवतमाळहून गाडीवर निघायचं, बिघाड शोधायचा, परत यायचं. इथे बिघाडच सापडत नव्हता.

तक्रार साधी होती. दुपारी चारनंतर त्या भागात फोन लागायचा, पण बोलणं तुटायचं. अंधार पडला की आपोआप ठीक व्हायचं.

जिन्याच्या खोलीत आमचा एक स्विच होता, समोर बत्त्या असलेली नेटवर्कची पेटी. गच्चीवरचा अँटेना उपग्रहाकडून अचूक वेळ घ्यायचा आणि स्विच ती आसपासच्या टॉवरना वाटायचा. टॉवरांची घड्याळं सेकंदाच्या बारीकशा तुकड्याने जरी मागेपुढे झाली, तरी एक ऐकत असताना दुसरा बोलू लागतो आणि सगळा गोंधळ होतो. उपग्रह सुटला तर स्विच दोन-तीन तास स्वतःच्या अंदाजाने वेळ चालवतो, मग चुकत जातो. एवढं मला माहीत होतं. म्हणून दुसऱ्या खेपेला मी अख्खा स्विचच बदलला होता. तरी तक्रार तशीच.

घर एका मोटार वाइंडिंगच्या मिस्त्रींचं होतं. साठी ओलांडलेली. मी त्यांना चाचा म्हणायचो. खाली त्यांचं दुकान, वर ते आणि चाची राहायचे.

"सापडलं का काही, साहेब?" त्यांनी चहा पुढे करत विचारलं.

"नाही चाचा. सगळं बरोबर दाखवून राह्यलं."

"मंग फोन कायले तुटते?"

मी कप हातात घेतला. ते समोर बसले आणि म्हणाले, "नेर गावाले माहा मोठा भाऊ राहायचा. मागच्या महिन्यात गेला. भतिज्यानं साडेचारले फोन केला. मले फक्त 'अब्बा' एवढंच आयकू आलं, मंग नुसती खरखर. किती खेपा लावून पाह्यला. वाटलं, तब्येत बिघडली असन, सकाळी जाऊ. रात्री फोन लागला तवा ते लोक कबरस्तानातून परत आलते. नीट आयकू आलं असतं तं गाडी करून पोचलो असतो. त्याच्या कबरीले मिट्टी द्याले भेटली असती."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी चहा संपवला. वर पुन्हा जाण्याचं त्राण नव्हतं, पण एक गोष्ट लक्षात आली. उन्हाच्या भीतीने मी दर वेळी सकाळी यायचो आणि अकराच्या आत निघून जायचो. दुपारी हा स्विच काय करतो ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

चाची वाळवणासाठी दिवसातून चार-पाच वेळा गच्चीवर जायच्या. मी त्यांना स्विचवरची तिसरी बत्ती दाखवली. "ही हिरवी असली तं ठीक. नारंगी झाली तं उपग्रह सुटला. वर आल्या का वेळ आन् रंग लिहून ठेवान का?"

"ठेवीन ना. त्यात काय हाय," त्या म्हणाल्या.

आठ दिवसांनी गेलो तर त्यांनी कॅलेंडरचं एक जुनं पान हातात दिलं. मागच्या कोऱ्या बाजूला सगळं उर्दूत लिहिलेलं. मला वाचता येईना. चाचांनी चष्मा लावून वाचलं, "अकरा वाजता हिरवी. बारा, हिरवी. एक, नारंगी. चार, नारंगी. दिवस बुडता, मगरिबले हिरवी." रोज हेच. फक्त एक दिवस सबंध हिरवा होता. चाचींनी पुढे लिहिलं होतं, आज आभाळ होतं, पापड वाळले नाहीत.

म्हणजे उन्हाचा संबंध होता.

पण रोज पाच-सहा तास उपग्रह सुटत असेल, तर नागपूरच्या ऑफिसात अलार्म वाजायला हवा होता. तिथे फोन लावला.

"सर, त्या साइटचा टायमिंगचा अलार्म तर बंद आहे," तिकडचा इंजिनिअर म्हणाला. "तुमच्याच मेलवरून बंद केला."

मग आठवलं. ऊन तापू लागलं होतं तेव्हाची गोष्ट. रोज दुपारी मोबाइल वाजायचा, संध्याकाळी अलार्म आपोआप जायचा. तीस टॉवर सांभाळून मी कंटाळलो होतो. खोटा अलार्म आहे, बंद करा, असं दोन ओळींत लिहून मी मोकळा झालो होतो. चाचांचे भाऊ त्यानंतर वारले.

एक वाजता गच्चीवर गेलो. लादीवर हात टेकवत नव्हता. जिन्याच्या खोलीच्या उघड्या दारातून बत्ती नारंगी दिसत होती. अँटेनाखालचा केबलचा जोड चिमटीत धरून दाबला, तशी मिनिटा-दोन मिनिटांत ती हिरवी झाली. सोडला, पुन्हा नारंगी. उन्हात जोड तापून फुगायचा आणि आतली पिन सैल व्हायची. जोड नवा घातला, केबल थोडी ढिली ठेवली, वरून टेप गुंडाळली. अर्ध्या तासाचं काम.

खाली आलो. चाचा मोटारीत तांब्याची तार भरत होते. मी उभ्यानेच सांगितलं, "चाचा, मशीन दोन महिन्यांपासून सांगून राह्यलं होतं. मीच त्याचं तोंड बंद केलतं. कटकट वाटली म्हणून."

त्यांचे हात थांबले.

"तुमाले मालूम होतं का, असं होईन म्हणून?"

"नाही."

त्यांनी तारेचे फेरे पुन्हा मोजले. फेऱ्यांचा हिशेब चुकला असावा, कारण त्यांनी भरलेली तार सोडवायला घेतली. "बसा," एवढंच म्हणाले. मी बसलो. जरा वेळाने चाचींनी पाणी आणून दिलं.

रिपोर्टमध्ये मी माझा मेल आणि त्याची तारीख लिहिली. माझे वरिष्ठ साहेब फोनवर म्हणाले, "एवढं कायले लिहिलं? सगळेच करतात." मी ते खोडलं नाही. त्यांनीही पुढे काही विचारलं नाही.

मग नागपूरहून मी आजवर बंद करायला लावलेल्या अलार्मची यादी मागवली. अकरा निघाले. त्या उन्हाळ्यात मी प्रत्येक ठिकाणी भर दुपारी जाऊन बसलो. दोन ठिकाणी खरोखरच बिघाड होता. शेवटचं ठिकाण उमरखेडकडे होतं. तिथे टॉवरखाली सावली नव्हती, म्हणून डोक्याला ओला रुमाल बांधून चार वाजेपर्यंत बत्ती पाहत बसलो. ती हिरवीच राहिली. तरी तो अलार्म मी चालू करायला सांगितला.