मामांच्या तोंडची देवडी

माझ्या बायकोच्या मामांइतका प्रामाणिक आणि त्यांच्याइतका थापाड्या माणूस साऱ्या हैदराबादेत सापडायचा नाही, आणि पंचाईत अशी की हे दोघे तारनाक्याच्या एकाच घरात, एकाच लुंगीत राहतात. रेल्वेत तिकीट तपासनीस असताना त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला बिनतिकीट पकडून सिकंदराबादेला खाली उतरवलं होतं. पण बेगम बाजाराच्या मागच्या देवडीचा विषय निघाला, की याच माणसाच्या जिभेला कुणी तिकीट विचारायचं नाही. देवडी म्हणजे कुण्या जहागीरदाराचं अवाढव्य जुनं घर. मामांचा तिच्याशी संबंध एवढाच, की लहानपणी त्यांचा पतंग कटून तिच्या गच्चीवर पडला आणि तो आणायला आत गेलेले मामा मनाने कधी बाहेर आलेच नाहीत.

पाहुणा कुठलाही असो, त्याला देवडी बघितल्याशिवाय सुटका नसे. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मामी चहा टाकत होत्या आणि मामा चपला घालत होते. "चाय कहीं भागती नै, जावईबापू. देवडीचं मात्र सांगता येत नाही." तिथल्या चौकीदाराने त्यांना मालकांपैकी समजून सलाम ठोकला. मामांनी तो मालकासारखाच घेतला.

मग इतिहास सुरू झाला. पहिले मालक जहागीरदार. इतके आळशी, की त्यांना जांभई आली तर ती नोकर द्यायचा. साऱ्या दुनियेत ते फक्त सासूला भीत. सासू आली की पानदान घेऊन सागवानी कपाटात शिरत आणि ती जाईपर्यंत जहागिरीचा कारभार दाराच्या फटीतून चाले. पुढे देवडी बेगम बाजारातल्या मिरचीच्या व्यापाऱ्याने घेतली. त्याने नाचाच्या दिवाणखान्यात मिरचीची पोती रचली, झुंबराला लसणाच्या माळा टांगल्या आणि सगळी गल्ली शिंकायला लावली. त्याच्या मुलांचं भांडण झालं तेव्हा जिन्याच्या मधोमध भिंत घातली गेली. थोरल्याची बायको जाडजूड होती, ती म्हणे कायमची वरच राहिली. तिसरा मालक बिल्डर. त्याला तिथे फंक्शन हॉल काढायचा होता. त्याच्याबद्दल मामा काहीच सांगत नसत. थाप मारण्याइतकीही त्याची लायकी नाही, असं त्यांचं मत होतं.

"मामा, मागच्या वेळी सासू गुलबर्ग्याची होती. आज बिदरची कशी?" एकदा मी धीर करून विचारलं.

"दोन बायका होत्या त्याला. तुम्ही आयटीवाले एकीवरच दमता."

गेल्या हिवाळ्यात मी ऑफिसातल्या दोघांना घेऊन देवडीत गेलो होतो. मामा त्यांच्यासाठी हिंदीत कपाट रंगवत असताना काठी टेकत एक म्हातारी बाई आत आली आणि मागे उभी राहून ऐकू लागली. श्रोता वाढला म्हणून मामांनी आवाज चढवला. कहाणी संपल्यावर बाई शांतपणे म्हणाली, "वो मेरे दादा थे."

आयुष्यभर दुसऱ्यांना पकडणारा माणूस पकडला गेला की कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं. मामांनी दोन्ही कानांना हात लावले. "माफ करना आपा. हौले के माफिक बोल दिया." हौला म्हणजे हैदराबादी वेडपट.

ती पायरीवर बसली. "मैं तो दादा को बस डाँटते देखी. बच्चे उनके कमरे के बाहर खड़े रहते थे, अंदर बुलातेच नै थे." मग हसली. "ये अलमारी वाले दादा अच्छे हैं. फिर क्या हुआ?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "फिर..." मामा म्हणाले, "फिर सास को शक हो गया!"

तेव्हापासून मामा दर शुक्रवारी टोलीचौकीला आपांच्या घरी जाऊ लागले. ते थापा पुरवत, आपा पाकात मुरवलेल्या पावाचा डबल का मीठा. "या वयात मैत्रीण मिळाली, तीही साखर चारणारी," मामी म्हणत आणि मधुमेहाच्या गोळ्या त्यांच्या खिशात कोंबत.

या उन्हाळ्यात बिल्डरने देवडी पाडली. मामा एकटेच जाऊन बघून आले आणि न जेवता झोपले. शुक्रवारी मीच त्यांना गाडीतून टोलीचौकीला नेलं. आपांना आता गुडघ्यांमुळे बाहेर पडवत नव्हतं, आणि मुलांनी त्यांना काही कळू दिलं नव्हतं.

"क्यों भाई, मकान कैसा है?" आम्ही बसायच्या आत आपांनी विचारलं.

मामा ग्लासभर पाणी प्यायले. "काम चल रा, आपा. सब खोल दिए. धूप बहोत आ री अब. रंग लगाने वाले हैं."

"कौन सा रंग?"

"पिस्तई."

आपांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मिठाईची बशी पुढे सरकवून हळूच म्हणाल्या, "अम्मी को पिस्तई बहोत पसंद था. दादा लगाने नै दिए. चलो, अब लग जाएगा."

त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. परतताना मामा खिडकीबाहेर बघत होते. तारनाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा एकदम म्हणाले, "जावईबापू, खरं सांगा. पिस्तई बरा दिसेल नं तिथं?"

"छान दिसेल, मामा," मी म्हणालो. "फक्त खिडक्या पांढऱ्या ठेवायला सांगा."