महादेवाला काय कळतंय चिपमधलं?

आता तुम्ही हसाल, पण चहाचा कप हातात आहे तोवर सांगूनच टाकते. साक्षात महादेवाशी हुज्जत घातली हो मी!

लग्नानंतर आमची शिल्पा पहिल्या पंचमीला माहेरी येणार होती. फोनवर म्हणाली, "आई, माझा तो टीव्हीला जोडायचा गेम अजून चालतो का गं?" आवाज इतका सुकलेला, की मी तिथंच संकल्प केला. गेम सुरू होईस्तोवर चहा वर्ज्य!

माळ्यावरून खोकं काढलं. डिस्कवर चरेच चरे. शुक्रवार पेठेतल्या दुरुस्तीवाल्या मल्लूदादांना फोन लावला.

"अक्का, दोन वाटा हायत. आत चिप सोल्डरचा डाग मारून बसवायची, मग कॉपी केलेल्या डिस्क चालतात. न्हायतर सॉफ्टवेअर टाकायचं. मग डिस्कच नको, पेनड्राइव्हवर गेम पळतंय."

मला चिप आवडली. डाग मारलेली वस्तू कशी सोनारानं जोडलेल्या मण्यासारखी पक्की! पेनड्राइव्ह काय, बाहेर लोंबणार.

तरी सोमवारी रीतसर कौल लावला. पिंडीवर दोन ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर चिप, डावं पडलं तर पेनड्राइव्ह.

डावं पडलं!

"झालं की," हे म्हणाले.

"पंखा चालू होता."

पंखा बंद केला. पुन्हा डावंच!

"आता?"

"महादेवाला काय कळतंय चिपमधलं?" असं म्हणून मी उजवीकडे कण्हेरीचं टपोरं फूल लावलं, डावीकडे एवढीशी पाकळी. पडलं बाई उजवं! लगेच हात जोडले.

चिप यायला चार दिवस लागले. चहाविना डोकं असं ठणकत होतं, की काय सांगू! मल्लूदादा म्हणाले, "आधी मशीन चालवून बघतो की."

"अजिबात नाही. कौल झालाय. बसवा!"

बसवली. डिस्क घातली. गरगर फिरली आणि गप्प.

"अक्का, लेन्सच मेलीय. कसलीच डिस्क वाचणार न्हाय. हिला पेनड्राइव्हच पायजे हुतं. एका दिवसाचं काम!"

त्याच रात्री त्यांनी सॉफ्टवेअर टाकून पेनड्राइव्ह लावून दिला. दुसऱ्या दिवशी शिल्पा आली आणि पाय धुवायच्या आधी गेमला बसली. लहानपणासारखी खदखदून हसली पोर. ह्यांनी स्वतः चहा करून माझ्यापुढं धरला.

"घे. पहिल्या फुलाचं ऐकलं असतंस, तर मंगळवारीच मिळाला असता."

मी देवघराकडं वळून कान पकडला. एकच. दुसऱ्या हातातला कप काही खाली ठेववेना!