कापसाची खोली

काल लेकरांच्या खोलीसाठी गादी भरून आणली. कापसाचा तो कोंदट वास आला आणि महागावकडचं आमचं घर आठवलं.

खोल्या दोनच. एकीत भाव वाढायची वाट पाहत कापूस छतापर्यंत भरलेला, दुसरीत चूल आणि आम्ही पाच जण. अंगाला सारखी खाज सुटायची. बारावीचा अभ्यास मी उंबऱ्यावर बसून करायची.

एका संध्याकाळी कॉलेजातून आले, तर कापसाची खोली रिकामी! मी तशीच चुलीकडे धावले.

“आई, कापूस चोरीले गेला काय वं?”

“एवढा कापूस चोर डोक्यावर नेईन काय? तुह्या बाबानंच इकला.”

“भाव वाढाच्या आधीच? काहून?”

बाबा तेलाच्या दोन डब्यांवर फळी बसवत होते. “भाव पुढच्या सालीबी येईन. तुही बारावी येईन काय? बस, टेबल हालते का पाह्य.”

तेव्हा वाटलं, बाबांना वेड लागलं. तरी बसले आणि फळी हलवून पाहिली. आज स्वतःचं घर लावताना कळतं, वर्षाचं पीक हलवून त्यांनी मला जागा करून दिली होती.

त्याच खोलीत शिकून मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले.