तात्यांचा उखाणा आणि पुरी झालेली वंशावळ

मंडळी, तिसगावहून नगरला उतरले ती थेट सायबर कॅफेत शिरलेय. हसू आवरत नाही, म्हणून लगेच ग्रुपवर लिहितेय.

तुम्हाला माहीतच आहे, लोकांच्या वंशावळी करून देणं हा माझा धंदा, आणि सोबत स्त्रियांच्या इतिहासात एम.ए. चालू आहे. त्यामुळे माझ्या वंशावळीत बायकांची नावं येतातच. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी येतात!

आजचं गिऱ्हाईक सत्तरीतले शेतकरी तात्या. खापरपणजोबांपर्यंतचे सगळे पुरुष त्यांनी धडाधड सांगितले. मी विचारलं, "आणि काकूंचं नाव?"

तात्यांनी शेजारी बसलेल्या काकूंकडे पाहिलं. जन्मभर "अगं" म्हणून हाक मारलेली. आता दारात उभ्या सुनांदेखत नाव कसं घेणार?

"तूच सांग की," ते काकूंना म्हणाले.

"लग्नात मी तुमचं नाव घेतलं हुतं. आता तुमी माजं घ्या."

सुना ओरडल्या, "तात्या, उखाना!"

तात्यांनी टोपी सारखी केली. "तिसगावच्या बाजारातून आनली पेंडीची गोनी, सगुनासारखी घरात दुसरी न्हाई कोनी."

काकूंनी पदरात तोंड लपवलं. मग हळूच मला म्हणाल्या, "ताई, माज्या आईचं बी लिवा. चंद्रभागा. आजवर कुनी इचारलंच न्हाई."

कागदावर जागा नव्हती. मी खाली दुसरा कागद जोडला.

तुमच्या आजीच्या आईचं नाव काय हो? ठाऊक नसेल तर आजच आजीला विचारा. आजोबांना नको, ते अजून आजीच्याच नावाशी अडलेले असतील!